तोंड दिसलं पाहिजे

भोईरआबा बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. मान पुढे काढून, डोळे बारीक करून, टक लावून. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, दातात मेथीची काडी अडकली असणार. तो बिचारा आतल्या आत जीभ फिरवायचा, मग रुमाल काढून तोंड पुसायचा. आणि रुमाल तोंडाशी गेला की आबांचा निकाल लागलाच.

"ह्यान काय तरी हाय," ते म्हणायचे.

ह्यात काहीतरी आहे, हे आबांचं सगळ्या जगाविषयीचं मत होतं. नळाला वेळेवर पाणी आलं तरी ह्यान काय तरी हाय, आणि नाही आलं तरी. कोणी हसून नमस्कार केला तर काय तरी हाय, न हसता केला तर नक्कीच हाय. बुद्धपौर्णिमेला शेजारच्या आमच्या घरून खिरीचं पातेलं गेलं की आबा झाकण उघडून आधी खिरीकडे बघत, मग माझ्या तोंडाकडे.

"एवढी कशाला?"

"आईने दिलीय, आबा."

"ते दिसलं. पन एवढी कशाला?"

पुढच्या वर्षी आईने मुद्दाम वाटीभर पाठवली. त्यांनी विचारलं, "यंदा कमी का?"

आबांचा एक सिद्धांत होता. पूर्वीची माणसं मोकळ्या गळ्याने बोलत, कारण त्यांच्या पोटात काही नसे. आता ज्याला बघावं तो कुजबुजतो. आणि कुजबुजणारा आपल्याबद्दलच कुजबुजतो, नाहीतर मोठ्याने बोलला नसता का? उत्तर द्यायला गेलं की आबा म्हणत, "बघ, तू बी हलू बोलतोस."

भिवंडीच्या नारपोलीत या गोष्टीचं कोणाला नवल वाटत नसे. आमच्याकडे गल्लीगल्लीत पॉवरलूम. शुक्रवार सोडला तर खटाखट, खटाखट चालूच. त्यामुळे सगळं गाव एकमेकांवर ओरडूनच बोलतं. नव्या सुनेला वाटतं सासू रागावली, आणि ती फक्त मीठ मागत असते. नारपोलीत कोणाला गुपित सांगायचं तर त्याला घेऊन कल्याणला जावं लागे. लूमच्या शेडमध्ये तर ओरडूनही उपयोग नसतो. तिथले कामगार हातांनी आणि ओठांनी बोलतात. तार तुटली, धोटा अडकला, चहा आला, शेठ आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. आबांनी सारा जन्म अशा शेडमध्ये काढला होता, आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या.

रेडिओ त्यांनी कधीच घराबाहेर काढला होता. "ज्याचं तोंड दिसत न्हाय त्याचं काय आयकायचं?" टीव्हीवर मात्र त्यांचा लोभ, म्हणजे फक्त बातम्यांवर. बातम्या देणारा समोर बघून, ओठ नीट हलवून बोलतो, म्हणून तो सरळ माणूस. लेक पडघ्याला दिलेली, तिच्यासाठी घरात फोन घेतला होता, पण तो वाजला की आबा भिंतीवर थाप मारून मला बोलावत. "बोल तिच्याशी. ती हलू बोलते. सासरची आयकतात म्हनून घाबरत आसंल." मी बोलायचो. ती माझ्या कानात किंचाळत असे.

सगळ्यात जास्त राग मिशांवर. एकदा आबांच्या दापोड्याच्या शेतजमिनीसाठी एक दलाल आला. ओठ पूर्ण झाकले जातील अशी त्याची मिशी. आबांनी त्याला चहा दिला, पाच मिनिटं त्याच्या मिशीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही काढून ये. मंग बोलू." दलाल चिवट होता. दोन दिवसांनी खरंच मिशी काढून आला. आबांनी त्याला ओळखलंच नाही. म्हणाले, "काल-परवा तुमचाच एक मिशीवाला आलता. आता बिनमिशीचा पाठवला. ह्यान काय तरी हाय."

आमची आईही त्यांच्या यादीतून सुटली नव्हती. आईला सकाळी मिश्री लावायची सवय, त्यामुळे बोलताना पदर तोंडाशी. पुढे मिश्री नसली तरी पदर तिथे जायचाच. आमच्या वडिलांना, म्हणजे गुरुजींना, आबा एकदा म्हणाले होते, "तुमची बाई चांगली हाय, पन काय तरी लपवते." वडील नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "दात लपवते." आबांना ते पटलं नाही.

आईचा पदर, माझा हळू आवाज, दलालाची मिशी, या सगळ्यांवरचा आबांचा संशय एक माणूस हसून उडवून लावायचं. त्यांची बायको. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणत असू. काकू आगरी लग्नांतले धवले गायच्या. हळदीला, मांडवाला त्यांना लांबलांबच्या गावांहून बोलावणं यायचं. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि काकूंची चूल त्या भिंतीला लागून. सकाळी भाकऱ्या थापताना त्या चुलीकडे तोंड करून गायच्या, म्हणजे खरं तर आमच्याकडे तोंड करून. लूमच्या खटाखटीतूनही तो बारीक, उंच आवाज भिंतीतून यायचा. मी त्यावर उठायचो. काकू गेल्या तेव्हा मी बारावीला होतो, आणि त्यानंतर बरेच दिवस मला शाळेच्या घंटेसारखं काहीतरी वाजायचं राहून गेलंय असं वाटे.

काकू गेल्यावर आबांच्या संशयाला कोणी आवर घालणारं उरलं नाही. नेमक्या त्याच काळात आम्ही त्यांच्याकडे हॉल मागायला गेलो.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. कॉलेजातल्या आम्ही काही मुलामुलींनी एक मंडळ काढलं होतं. सुजाता आमची म्होरकी. ती कल्याणला एका बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकायला जायची. तिने ठरवलं, एक पूर्ण दिवस साजरा करायचा. सकाळी तत्त्वज्ञान, दुपारी चित्रं, संध्याकाळी गाणं. भिवंडीत तरुण पोरं एका जागी जमली की विचारपूस करायला त्यांच्या दुप्पट माणसं जमतात. निवडणूक नाही, संप नाही, सुताचा भाव नाही, मग जमताय कशाला? दंगली बघितलेल्या आमच्या शहराला संशयाची कारणं होती, ती सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे कोणाला दोष देता येत नसे. एकामागून एक सगळ्या हॉलवाल्यांनी नाही म्हटलं.

आणि बाईंनी तर येण्याचं कबूल केलं होतं. त्यांना कोणीतरी म्हणालं होतं, भिवंडीत कसलं गाता, तिथे कान कोणाला आहेत? सुजाता हट्टाला पेटली होती. तिच्या गुरूंना तिच्या गावात मान मिळाला पाहिजे, बस. हॉल मिळाला नाही, किंवा मिळून काही विपरीत झालं, तर ती बाईंना पुन्हा तोंड दाखवणार नव्हती.

उरला आबांच्या शेडवरचा पत्र्याचा हॉल. साखरपुडे, बारशी यांना ते तो द्यायचे. शुक्रवारी खालचे लूम बंद, म्हणजे शांतता. मी शेजारचा म्हणून मला पुढे केलं.

"तत्त्वज्ञान म्हंजे काय?" आबांनी माझ्या तोंडाकडे बघत विचारलं.

"विचार करायचा, आबा."

"कशाचा?"

"सगळ्याचा."

"त्याला हॉल कशाला? घरान बसून करा."

"एकत्र बसून करायचा."

"एकत्र बसून इचार करतात त्याला कट म्हनतात, इलास."

सुजाताने मध्ये पडून सांगितलं की आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, आबांनी स्वतः येऊन बघावं. आबांनी तिचे ओठ नीट तपासले. मग म्हणाले, "हॉल देतो. पन चावी माझ्याकडं. मी दिवसभर बसनार. मला जरा वाटलं का ह्यान काय तरी हाय, का सगल्यांनी खाली उतरायचं. मी कुलूप लावनार."

सुजाता आनंदाने हो म्हणाली. मी मात्र आबांना ओळखून होतो. आबांना तसं वाटणार हे नक्कीच होतं. प्रश्न फक्त किती वाजता वाटेल, एवढाच होता.

शुक्रवारी सकाळी आबा पहिल्या रांगेत मधोमध बसले. पांढरा सदरा, हातात चावी. तत्त्वज्ञानाचे सर शिडशिडीत, भिडस्त गृहस्थ होते. त्यांना विचार करताना टिपणाचा कागद ओठांवर टेकवायची लकब होती.

"तत्त्वज्ञानाची सुरुवात शंकेपासून होते," सर म्हणाले. "जो शंका घेत नाही, तो..." आणि कागद ओठांवर गेला.

आबा उभे राहिले. "कागद खाली घ्या. तोंड दिसलं पायजे."

सरांनी दचकून कागद खाली घेतला. त्यांना वाटलं हेही तत्त्वज्ञानातलंच काही असावं. "योग्य आहे," ते म्हणाले, "बोलणाऱ्याने लपू नये. तर, शंका ही माणसाची फार मोठी शक्ती आहे."

आबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्यांची बाजू घेत होतं, आणि तेही कॉलेजातला माणूस. साहजिकच त्यांना संशय आला.

"आता हा खांब बघा," सर म्हणाले. "खांब आहे, असं आपण म्हणतो. पण तो आहे, हे आपल्याला कशावरून कळलं?"

"मी बांधलाय," आबा म्हणाले.

"तसं नव्हे. समजा, तो आपल्या मनाचा भास असेल?"

"सिमेंट लागलंय त्याला."

"सिमेंटसुद्धा भास असू शकेल."

पोरं हसली. आबा हसले नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी मला दंडाला धरून जिन्यात नेलं. "मला कललं ह्यांचं. आज म्हनतात खांब न्हाय. उद्या म्हनतील हॉल न्हाय. मंग म्हनतील जागा मोकली हाय, घ्या मोजून. यो मानूस बिल्डरचा हाय."

मी परोपरीने सांगितलं की सर स्वतः दोन खोल्यांत भाड्याने राहतात, त्यांना खांबाचं काही करायचं नाही, त्यांना फक्त प्रश्न विचारायचा आहे.

"दुसऱ्याच्या खांबाबद्दल मानूस का इचारंल?" आबा म्हणाले. पण जेवणाची वेळ झाली होती, आणि भुकेल्या पोरांना हाकलणं आबांच्या स्वभावात नव्हतं. कुलूप दुपारवर गेलं.

दुपारी चित्रं. भिंतींना कोरं कापड ताणून त्यावर लावली होती. बहुतेक चित्रं नईमची. नईमच्या अब्बांचे लूम आबांच्या शेडच्या मागेच. घरात सगळे सुताचं बघायचे आणि हा रंगांचं, त्यामुळे घरचे त्याच्यावर थोडे नाराजच होते. त्याच्या एका मोठ्या चित्रात माणूस नव्हता, झाड नव्हतं. नुसते हिरवे-तपकिरी चौकोन आणि त्यांच्यातून गेलेली एक निळी रेघ. खाली नाव लिहिलं होतं, 'शांतता'.

आबा सगळी चित्रं भराभर ओलांडून त्या चित्रापाशी थांबले ते थांबलेच.

"ह्यो नकाशा हाय," त्यांनी जाहीर केलं. "दापोड्याचा. ह्यो नाला. ही पाटलांची जागा. आन ह्यो हिरवा तुकडा माझा."

"नहीं आबा," नईम घाबरून म्हणाला, "ये तो मेरे मन से बनाया है."

"तुझ्या मनान माझी जागा कशी आली?"

दापोड्याला तेव्हा गोडाऊनांची नुकती सुरुवात झाली होती, भाताच्या शेतांतून रोज फीत घेऊन कोणीतरी फिरायचं. रंगवलेले चौकोन दिसले की आमच्याकडच्या माणसाला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. गर्दी जमली. सुजाता जिन्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली, जणू ती तिथे उभी असली की कुलूप लागणार नाही. बाईंची गाडी कल्याणहून निघाली असणार होती.

आबांनी चावी मुठीतून काढली, आणि चावीचं टोक त्या हिरव्या चौकोनावर टेकवलं. मला वाटलं, आता फाडतात.

"हितं बांध व्हता," ते म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "तू बांध न्हाय काढला."

"निकाल दूँगा, आबा," नईम म्हणाला. 'काढून देईन' असं त्याला म्हणायचं होतं.

"ती त्या बांधावर बसून गायची," आबा मला म्हणाले. "तुझी काकू. भातलावनीला. जागा तिच्या बापानं दिल्याली. मी गोडाऊनला दिली. ती नको म्हनत व्हती. भांडली न्हाय, इलास. तवापासनं गानं बंद केलं तिनं. मला एक शब्द बोलली न्हाय, गानं बंद केलं."

मला वाटलं, लग्नांतल्या गाण्याबद्दल बोलत असतील. शेवटी गुडघे दुखायचे म्हणून काकू लग्नांना जात नसत. मी मान हलवली. आबांनी चावी पुन्हा मुठीत धरली आणि खुर्चीवर जाऊन बसले. पण नईमला जाता जाता बजावलं, "नकाशाच हाय ह्यो."

संध्याकाळी बाई आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, चेहऱ्यावर हसू. तंबोरा लागायला वेळ लागला. खुंट्या पिळल्या जात होत्या, मणी सरकत होते. आबा थोडा वेळ बघत राहिले आणि शेजारी बसलेल्या मला म्हणाले, "काय बिघडलंय? आमच्या जॉबरला बोलवू?" जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा. मी सांगितलं की बिघडलं नाही, जुळवताहेत. "मंग घरून जुलवून का न्हाय आनला?"

बाईंनी डोळे मिटले आणि आलापी सुरू केली. खालचे लूम गप्प होते. त्या पत्र्याच्या हॉलमध्ये तो आवाज असा वर गेला की सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मागे दोन-तीन कामगार जिन्यातच उभे राहिले होते, तेही आत येऊन भिंतीला टेकून बसले.

आबा एकटेच अस्वस्थ. ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते. तोंड उघडं होतं. बराच वेळ उघडंच होतं. मिटलं, पुन्हा उघडलं. ओठांवर एकही शब्द येत नव्हता. आबांनी मान तिरकी केली, खुर्ची पुढे ओढली. मग तबला सुरू झाला. डग्ग्यावर पहिली थाप पडली तेव्हा त्यांनी मान डोलावली, हे कळतंय असं. पण थोड्या वेळाने सगळ्या हॉलने एकदम मान हलवली, एकदम 'वा' म्हटलं. आबांनी गर्रकन मागे बघितलं. पुन्हा तसंच झालं. सगळ्यांना एका क्षणी काहीतरी कळत होतं, आणि ते कोणी कोणाला सांगितलेलं दिसत नव्हतं.

आबा उभे राहिले.

"थांबा."

बाई थांबल्या. तबलजीचा हात वरच राहिला.

"ह्यान काय तरी हाय," आबा म्हणाले. "ह्या बाई गात न्हाईत. नुसतं तोंड उघडतात. तबला वाजतोय, बाई गात न्हाईत. आन तुमी सगले माना हलवताय. ही थट्टा कोनाची चाललीय?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सुजाताने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बाईंनी मात्र हात जोडले आणि मोठ्याने, सावकाश विचारलं, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

असं सरळ आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आमच्या ओरडणाऱ्या गावात तो प्रश्नच कधी निघाला नव्हता.

"मला सगलं आयकू येतं," आबा म्हणाले. मग त्यांनी पहिल्या रांगेकडे वळून सरांना विचारलं, "तुमाला येतं?"

सरांनी मान हलवली. या वेळी त्यांना कसलीही शंका नव्हती.

"नईम, तुला रे? झूठ मत बोल."

"आता है, आबा."

भिंतीशी त्यांचाच एक कामगार बसला होता. आबांनी हाताने, शेडमधल्या खुणेने त्याला विचारलं. त्याने कानाला बोट लावलं आणि मग तोच हात छातीवर ठेवला.

शेवटी ते माझ्याकडे वळले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्या नजरेला मी इतकी वर्षं हसत आलो होतो, पण त्या क्षणी मला ती सहन होईना. "येतंय, आबा," मी म्हणालो. "छान गाताहेत."

आबा खाली बसले. खूप वेळ चावी बोटांत फिरवत राहिले. मग उठून सुजाताजवळ गेले, चावी तिच्या हातात दिली आणि बाईंना म्हणाले, "गावा तुमी."

बाई पुन्हा गाऊ लागल्या. आबा आता त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते, समोर जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळाने ते माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या हिशेबाने ते कुजबुजले. पण सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मंग ती गात व्हती का?"

"कोण, आबा?"

"तुझी काकू. चुलीकडं तोंड असायचं तिचं. मला पाठ दिसायची."

मी मान हलवली. बाईंचा आवाज जरासा थरथरला, पण त्या थांबल्या नाहीत. त्या थांबल्या नाहीत म्हणून मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

माझ्या मनात मात्र दुसरंच काही आलं होतं, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. काकू गेल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या आमच्या ओट्यावर आईपाशी बसल्या होत्या. मी आत अभ्यास करत होतो. काकू म्हणाल्या होत्या, "ह्यांना माझं गानं आवडत न्हाय गो आता. पयलं कसं, भाकरी खाता खाता मान हलवायचे. जागा दिली तवापासनं मान बी हलवत न्हाईत. मनान काय तरी हाय त्यांच्या." तेव्हा मला ते हसू आणणारं वाटलं होतं. नवऱ्याचा रोग बायकोला लागला, असं मी आईला म्हणालोही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूम सुरू झाले होते. आई ओट्यावर मिश्री लावत बसली होती. आबा आले आणि पायरीखालीच उभे राहिले. कालचा सदरा तसाच अंगावर होता. रात्री झोपले नसावेत.

"इलासची आई," ते म्हणाले, "एक इचारायचं व्हतं."

आईने घाईने चूळ भरली. सवयीने पदर तोंडाशी गेला. हॉलमधलं सगळं मी तिला रात्रीच सांगितलं होतं. तिने आबांकडे बघितलं आणि पदर सोडून दिला. इतक्या वर्षांत आबांपुढे ती पहिल्यांदाच उघड्या तोंडाने उभी होती.

"विचारा, आबा."

"ती गायची?"

"गायच्या की. रोज सकाळी. भाकऱ्या थापताना." आई सावकाश बोलत होती, एकेक शब्द नीट दाखवत.

"शेवटपर्यंत?"

"अंथरूण धरलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत."

आबांनी एकेक शब्द तिच्या ओठांवरून उचलून घेतला. जायला वळले आणि परत फिरले.

"मी मान बी हलवत नव्हतो. मला वाटायचं, ती गात न्हाय. त्याबद्दल काय बोलायची का ती? तुझ्याशी बोलत आसंल. बायका बोलतात."

मी दारात उभा होतो. आईला ते आठवत होतं, तिच्या चेहऱ्यावरच दिसलं. हात पदराकडे गेला, पदर हनुवटीपर्यंत वर आला. मला वाटलं, आता झाकते तोंड, आणि आबांना कळतं. आईने पदर खाली घेतला. आबांच्या डोळ्यांत सरळ बघून ती म्हणाली, "म्हणायच्या, ह्यांना माझं गाणं फार आवडतं. बोलून दाखवत नाहीत, पण मी गात असले की एक भाकरी जास्त खातात."

आबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मान पुढे, डोळे बारीक, टक लावून. आता ते काय म्हणणार हे मला पाठ होतं, मी त्या शब्दांची वाटच बघत होतो. पण ते तसं काही म्हणाले नाहीत. जन्मभर कोणाच्याही शब्दावर न विसंबलेल्या त्या माणसाने आईचा शब्द जसाच्या तसा उचलला.

"खायचो," ते म्हणाले. "एक जास्ती खायचो खरा."

आणि हळूहळू आपल्या घराकडे चालत गेले. ते आत गेले, दार लागलं. आईने पदर पुन्हा तोंडाशी नेला, आणि बराच वेळ तिथून काढला नाही.